सोसायटीच्या बिलांची ईमेल ‘गेली’ दिसतात, पण पोचतात कुठे?

कोलशेतकर | १० जून, रात्री १०:२०

मंडळी, आमची सोसायटी ठाण्यात कोलशेतला, २१२ फ्लॅट. गेल्या वर्षी वार्षिक सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि दारातच कळलं की मी सेक्रेटरी झालोय. आल्या आल्या एक शहाणपणा केला. छापील बिलं बंद केली. दर महिन्याच्या एक तारखेला बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून मेंटेनन्सचं बिल आपोआप ईमेलने जातं. वॉचमन दारोदार कागद सरकवत फिरायचा तो त्रास वाचला, झेरॉक्सवाल्याचे पैसेही वाचले.

परवा रविवारी कमिटीची मीटिंग होती. बी विंगमधले एक काका उठले. “बिलच आलं नाही तर व्याज कसलं लावता?” त्यांच्या मागून आणखी अकरा जण. मी ऐटीत लॅपटॉप उघडून रिपोर्ट दाखवला: २१२ नावं, २१२ हिरव्या खुणा, प्रत्येकासमोर ‘डिलिव्हर्ड’. काकांनी काही न बोलता त्यांचा फोन माझ्या हातात दिला. मी त्यांच्या जीमेलमध्ये सोसायटीचं नाव टाकून शोधलं. काही नाही. बिल म्हणून शोधलं, तरी नाही. सगळे बघतायत.

माझ्या स्वतःच्या इनबॉक्सात मात्र दर महिन्याला बिल वेळेवर येतं. बायकोच्याही.

तर ही आपोआप जाणारी मेल स्पॅममध्ये पडतायत का, हे तपासायचं कसं? २१२ घरांत जाऊन फोन चाळणं मला जमणार नाही आणि लोक चाळू देणार नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पारसिक_बोगदा | १० जून, रात्री १०:४१

ईमेल कोण बघतं हो हल्ली? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, विषय संपला.

कोलशेतकर | १० जून, रात्री ११:०५

@पारसिक_बोगदा, ग्रुपवर भाडेकरू आहेत, मालक नाहीत. निम्मे मालक पुण्यात नाहीतर दुबईत. आणि कुणाची थकबाकी किती हे ग्रुपवर टाकलं तर मला बिल्डिंगमध्ये राहायचंय की नाही? गणपतीच्या वर्गणीवरून सोळा जण ग्रुप सोडून गेलेत ते वेगळंच.

सीवूड्सची_मावशी | ११ जून, सकाळी ६:५०

तुम्ही काकांच्या फोनवर शोधलंत ना, तिथेच गंमत आहे. जीमेलच्या साध्या शोधात स्पॅम आणि ट्रॅश येतच नाहीत. शोधून सापडलं नाही म्हणजे मेल आलं नाही, असं नसतं. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘इन’, मग अपूर्णविराम, मग ‘एनिव्हेअर’ असं जोडून टाइप करायचं आणि पुढे सोसायटीचं नाव. मग सगळे कोनाडे धुंडाळले जातात.

हे मला कसं माहीत? भाचीला एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. ती रोज शोधायची, रोज रडायची. तिसऱ्या आठवड्यात मी सहज स्पॅम उघडायला सांगितलं तर पत्र तिथे, ‘लॉटरी लागली’ आणि ‘पार्सल अडकलंय’ यांच्या मधोमध. मुलाखतीची तारीख होऊन गेलेली.

महापेचा_हमाल | ११ जून, दुपारी १:३०

मावशींना अनुमोदन. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, सविस्तर लिहितो. पोटापाण्यासाठी गेली बारा वर्षं हेच करतो, म्हणजे कंपन्यांची ओटीपी, पावत्या, आठवणीची पत्रं वगैरे आपोआप जाणारी मेल सांभाळणं.

आधी तुमची ती हिरवी खूण. ईमेल जाताना पाठवणारा सर्व्हर आणि घेणारा सर्व्हर यांच्यात संभाषण होतं. शेवटी घेणारा ‘२५०’ असा आकडा देतो, म्हणजे “मिळालं, आता माझी जबाबदारी”. बस. पुढे तो ते इनबॉक्सात ठेवतो की स्पॅममध्ये, हे पाठवणाऱ्याला तो कधीही सांगत नाही. सांगितलं तर स्पॅमवाले तेच वाचून आपली पत्रं सुधारत बसतील. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात ‘स्पॅममध्ये पडलं’ असा रकाना खरा असूच शकत नाही. आणि तुमच्या सॉफ्टवेअरची खूण त्या २५० ची तरी आहे का, हेही विचारा. काही ठिकाणी मेल स्वतःच्याच रांगेत टाकलं की ‘डिलिव्हर्ड’ लिहून मोकळे होतात. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकून “पोचलं” म्हणण्यासारखं.

आता तुमचा इनबॉक्स. तो या तपासणीत बाद. तुम्ही सोसायटीच्या पत्त्यावरून दिवसाला दहा मेल करता, उत्तरं देता, पत्ता कॉन्टॅक्टमध्ये आहे. जीमेल प्रत्येक माणसाच्या वागण्यावरून शिकतं. तुमच्याकडे येतंय यावरून इतरांकडे येत असेल हा निष्कर्ष काढता येत नाही. वहिनींचाही बाद, त्यांनी एकदा तुमच्या सांगण्यावरून ‘नॉट स्पॅम’ दाबलं असणार, पैज.

तिसरी गोष्ट, आणि ही घाईची. जीमेलमध्ये स्पॅममधलं मेल ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणजे एप्रिलचं बिल स्पॅममध्ये पडलं असेल तर त्याचा पुरावा आता जगात नाही. एक जूनचं अजून आहे. तीस जूनच्या आत बघून घ्या.

कसं बघायचं:

सभासदांना ‘मेल आलं का’ असं विचारू नका, तीच ती भांडणं. ‘एक जूनचं बिल कुठे आहे: इनबॉक्स, स्पॅम, की कुठेच नाही’ एवढंच विचारा आणि शोधायची पद्धत मावशींनी दिलीय तशी लिहून लिफ्टमध्ये लावा. पत्ता जीमेलचा, याहूचा, आउटलुकचा की ऑफिसचा, तेही लिहून घ्या. हा रकाना फार महत्त्वाचा. प्रत्येक सेवेची चाळणी वेगळी, त्यामुळे सरसकट टक्केवारीला अर्थ नसतो.

याखेरीज तपासणीसाठी चार-पाच खाती बाजूला ठेवा, वेगवेगळ्या सेवांची. अगदी कोरी नकोत, घरातल्या कुणाची तरी जुनी, वापरात असलेली बरी. त्यांच्याकडे तेच खरं बिल, त्याच सर्व्हरवरून, त्याच वेळी, पीडीएफ जोडूनच गेलं पाहिजे. ‘टेस्ट टेस्ट’ लिहून पाठवलेल्या मेलने काहीच कळत नाही. आणि त्या खात्यात बिल स्पॅममध्ये सापडलं तरी बाहेर काढू नका, उत्तर देऊ नका. काढलंत की ते खातं शिकलं, पुढच्या महिन्याला ते तुमच्याशी गोड बोलणार.

एक_वाचनमात्र | ११ जून, दुपारी १:५२

वाचनखूण साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

उपवन_चक्कर | ११ जून, संध्याकाळी ५:१५

प्रमोशन्सच्या कप्प्यात पडलं असेल तर? आमच्याकडे अर्ध्या लोकांना तो कप्पा म्हणजेच स्पॅम वाटतो.

महापेचा_हमाल | ११ जून, संध्याकाळी ७:४०

प्रमोशन्स हा इनबॉक्सचाच भाग, साध्या शोधात सापडतं, पुसलंही जात नाही. त्याची काळजी सोडा.

कोलशेतकर | १७ जून, रात्री ९:३०

लिफ्टमध्ये कागद लावला. उत्तरं आली ४६. (एकाने कागदावर पेनाने ‘आधी लिफ्ट दुरुस्त करा’ असं लिहिलं, ते धरून ४७.)

इनबॉक्स ११, स्पॅम २९, कुठेच नाही ६.

२९ पैकी २७ जीमेलवाले. बी विंगच्या काकांचं बिल स्पॅममध्ये. मी स्वतः जाऊन पाहिलं. वर राखाडी पट्टी, ‘हा संदेश स्पॅममध्ये का आहे?’ आणि खाली, आधी स्पॅम ठरलेल्या संदेशांसारखा आहे असं काहीतरी. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, “म्हणजे आलं होतं म्हणायचं की नव्हतं?” मला उत्तर देता आलं नाही.

बाय द वे, @महापेचा_हमाल, तुम्ही पैज जिंकलात. बायकोने ऑगस्टातच ‘नॉट स्पॅम’ दाबलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

महापेचा_हमाल | १७ जून, रात्री १०:१०

आता स्पॅममध्ये पडलेल्या एका बिलाची कुंडली काढा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, त्या मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे. वर छोटा तक्ता दिसेल. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पाठवणारा खरा आहे का याच्या तीन तपासण्या) यांच्यासमोर काय आहे ते इथे लिहा. पत्ते, आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) वगैरे खोडून.

कोलशेतकर | १७ जून, रात्री १०:५५

एसपीएफ पास. डीकेआयएम पास. डीमार्क फेल.

तीनपैकी दोनात पास, म्हणजे ६६ टक्के, फर्स्ट क्लास आहे की! मग स्पॅममध्ये का?

महापेचा_हमाल | १८ जून, सकाळी ८:०५

ट्रान्स हार्बरवर उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखनाला हसू नका.

पास कोण झालं ते वाचा. डीकेआयएमच्या पुढे एक डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) लिहिलेलं असेल, एसपीएफचं खालच्या मजकुरात ‘मेलफ्रॉम’पुढे सापडेल. ते तुमच्या सोसायटीचं नाही, सॉफ्टवेअरवाल्यांचं असणार. आणि पाठवणारा म्हणून काय दिसतंय? बहुतेक सोसायटीचा जीमेलचा पत्ता. नावाशेजारी बारीक अक्षरात ‘व्हाया’ अमुकतमुक असंही दिसत असेल.

तुमच्याच गेटवरचं उदाहरण घ्या. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने वॉचमनकडे दिलेली यादी: माझ्या नावाने सामान घेऊन फक्त ही ही माणसं येतील. डीकेआयएम म्हणजे खोक्यावरचं सील, वाटेत फोडलं की कळतं आणि सील कुणाचं तेही कळतं. डीमार्क विचारतो की खोक्यावर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे, यादी किंवा सील त्याचंच आहे का? आणि नसेल तर काय करायचं, याची मालकाने दिलेली सूचनाही त्यातच असते: जाऊ दे, बाजूला ठेव, किंवा परत पाठव.

तुमच्याकडे झालंय असं: खोक्यावर नाव जीमेलचं, यादी सॉफ्टवेअरवाल्याची, सीलही सॉफ्टवेअरवाल्याचं. वॉचमन म्हणतो, “तू खरा असशील बाबा, पण ज्याचं नाव सांगतोयस तो तू नाहीस.” वर पीडीएफ जोडलेली आणि आत ‘त्वरित पैसे भरा’. फसवणुकीचं मेल आणखी वेगळं कसं असतं?

जीमेलचा पत्ता पुढे करून दुसऱ्याच सर्व्हरवरून मेल पाठवू नका, हे गूगलने नियमांत साफ लिहिलंय. याहूने तर २०१४ च्या एप्रिलपासून स्वतःच्या पत्त्यांसाठी ‘परत पाठव’ अशीच सूचना लावली. तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टवाल्यांची पळापळ झाली होती, मी नवीन होतो, रात्री जागवल्यात.

ठाणे आलं. उतरतो.

नौपाड्याची_सून | १८ जून, सकाळी ११:२०

इथे थोडं घुसते. माझ्या घरगुती फराळाच्या वेबसाइटवर ऑर्डर आली की गिऱ्हाईकाला आपोआप पावती जाते आणि मला एक प्रत. परवा कळलं की निम्म्या गिऱ्हाइकांना पावती दिसतच नाही, आणि मग ती फोन करतात, “ताई, पैसे गेले, चकली येणार ना?” वाचलं होतं की गूगल-याहूचे नवे नियम दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांनाच आहेत. माझ्या दिवाळीत मिळून ५०० होतात. मग मला कशाला लागू?

महापेचा_हमाल | १८ जून, दुपारी १:४५

@नौपाड्याची_सून, हा गैरसमज फार पसरलाय. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने जे नियम लावले त्यात दोन पायऱ्या आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलला एका टिचकीत नाव काढायची सोय हवी. आउटलुकनेही २०२५ च्या मे महिन्यापासून ५,००० वाल्यांना ही तिन्ही सक्तीची केली. पण खालची पायरी सगळ्यांना आहे, रोज एक पाठवणाऱ्यालाही: जीमेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी हवंच, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. तुमच्या चकलीलाही लागू.

तुमची वेबसाइट बहुधा स्वस्तातल्या होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) आहे आणि पावती थेट वेबसाइटच्याच सर्व्हरवरून जाते. त्याच आयपीवर शेजारी आणखी शेकडो वेबसाइटी असतात. त्यातल्या एकीने घाण केली की वास सगळ्या मजल्यावर. वेबसाइटला एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगइन टाका आणि मेल डोमेनच्या खऱ्या मेलबॉक्समधून पाठवा.

पारसिक_बोगदा | १८ जून, दुपारी २:१०

यापेक्षा मेलमध्ये तो अदृश्य फोटो टाका ना. उघडलं की कळतं. आमच्या ऑफिसात मार्केटिंगवाले तेच करतात, कोणी उघडलं कोणी नाही, सगळं.

खाडीपूल_वाशी | १८ जून, दुपारी ३:००

त्या आकड्यांवर घर बांधू नका. ॲपलच्या मेलने २०२१ पासून फोटो आधीच ओढून ठेवायला सुरुवात केलीय, माणसाने उघडलं नाही तरी ‘उघडलं’ दिसतं. उलट बाजूने, काही जण फोटो बंद ठेवूनच वाचतात. फक्त एक उपयोग आहे: सेवेप्रमाणे वेगळं काढून बघा. बाकी सगळीकडे उघडलेलं दिसतंय आणि एकाच सेवेवर सलग शून्य, तर तिथे स्पॅमचा संशय घ्यायला जागा आहे. स्पॅममध्ये फोटो सहसा दिसत नाहीत.

त्यापेक्षा मी काय केलंय ते सांगतो. आमच्या क्लासच्या फीच्या आठवणी आपोआप जातात. प्रत्येक तुकडीबरोबर आमची तपासणीची खाती जोडलेली आहेत आणि प्रत्येक मेलच्या विषयात पावती क्रमांक असतो. सकाळी सात वाजता एक छोटा प्रोग्राम आयमॅपने (या पद्धतीत स्पॅमसकट सगळे फोल्डर दिसतात) त्या खात्यांत शिरतो, तो क्रमांक इनबॉक्सात शोधतो, मग स्पॅममध्ये, आणि शीटमध्ये लिहितो: ‘इ’, ‘स्पॅ’ किंवा ‘-’. चहा पिताना शीट बघायची. ज्या दिवशी ‘स्पॅ’ दिसतं त्या दिवशी आदल्या दिवशी कोणी काय बदललं ते विचारायचं. शंभरातले नव्वद वेळा कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं. एकदा नवीन मुलाने फी भरायची लिंक छोटी करून टाकली होती, ती लिंक छोट्या करणाऱ्या साइटवरून असते ना, तशी. सगळी मेल दुसऱ्या दिवशी स्पॅममध्ये. लिंक सरळ केली, परत इनबॉक्सात.

दोन अडचणी. जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) चालू करून ॲप पासवर्ड, म्हणजे प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो. आणि आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांना २०२४ च्या सप्टेंबरपासून साधा पासवर्ड चालत नाही, त्याची खटपट वेगळी. मी कंटाळून ते एक खातं हातानेच बघतो. आणि पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) वापरू नका. पॉपने फक्त इनबॉक्स येतो, स्पॅम येतच नाही, म्हणजे जे शोधायचंय तेच वगळलं जातं.

सीवूड्सची_मावशी | १८ जून, दुपारी ४:२५

म्हणजे आमच्या ह्यांचं तेच झालंय! त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये पॉपनेच मेल येतात, पंधरा वर्षं. त्यांनी आयुष्यात स्पॅमचा फोल्डर बघितलेला नाही. आत्ता ब्राउझरमधून उघडलं. विम्याच्या हप्त्याच्या दोन आठवणी तिथे पडून आहेत. गप्प बसलेत.

कोलशेतकर | २ जुलै, रात्री ८:५०

अहवाल. नाचक्कीचा.

सोसायटीचं स्वतःचं डोमेन होतंच, वेबसाइटसाठी घेतलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला फोन केला, त्यांनी पाठवणारा पत्ता बदलून आमच्या डोमेनचा केला, परत येणारी मेल आमच्याकडे यावीत अशीही सोय केली आणि मला एक ओळ दिली, “ही डीएनएसमध्ये टाका, बाकी काही करावं लागत नाही.” (डीएनएस म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंदवही.) टाकली.

एक जुलैला बिलं गेली. तपासणीची पाच खाती ठेवली होती: जीमेल, याहू, आउटलुक, रेडिफ, झोहो. पाचपैकी चार स्पॅममध्ये. आधीपेक्षा वाईट! शो ओरिजिनलमध्ये एसपीएफसमोर ‘पर्मएरर’.

महापेचा_हमाल | २ जुलै, रात्री ९:१५

डीएनएसमध्ये एसपीएफच्या ओळी किती आहेत?

कोलशेतकर | २ जुलै, रात्री ९:३२

दोन. एक वेबसाइटवाल्याने कधीतरी टाकलेली, एक मी परवा टाकलेली.

महापेचा_हमाल | २ जुलै, रात्री ९:४०

वॉचमनकडे दोन याद्या असतील तर तो दोन्ही फाडून टाकतो. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ असते, हा नियमच आहे. दोन झाल्या की कायमची चूक धरली जाते, दोन्ही फुकट. वेबसाइटवाल्याची ओळ ठेवा, तिच्यातच सॉफ्टवेअरवाल्यांचा ‘इन्क्लुड’ (यांचीही यादी धरा, अशी सूचना) घाला, दुसरी काढा. त्या ओळीतून होणाऱ्या चौकश्या एकूण दहाच्या वर जाता कामा नयेत, पण तुमच्याकडे तेवढ्या होणार नाहीत.

आणि “बाकी काही करावं लागत नाही” हे ज्याने सांगितलं त्याला पुन्हा फोन करा आणि डीकेआयएमची किल्ली मागा, तुमच्या डोमेनच्या नावाची. सील तुमचं पाहिजे. मग डीमार्कची ओळ टाका, सुरुवातीला ‘पी इक्वल्स नन’, म्हणजे अडवू नकोस, आणि सोबत ‘आरयूए’मध्ये तुमचा पत्ता, म्हणजे रोजचा अहवाल इथे पाठव. एक इशारा: त्या अहवालात मेल खरं की तोतया तेवढंच कळतं. इनबॉक्स की स्पॅम हे त्यातही नसतं. ते तुमची पाच खातीच सांगणार.

घाईने सगळ्या २१२ जणांना परत पाठवू नका. आधी कमिटीच्या दहा जणांना.

एक_वाचनमात्र | २ जुलै, रात्री १०:०२

दोन्ही याद्या फाडणारा वॉचमन आमच्याकडे पण आहे. ईमेलशी संबंध नाही.

उपवन_चक्कर | ३ जुलै, सकाळी ९:१०

अवांतर: गूगलचं पोस्टमास्टर टूल्स म्हणून आहे, त्यात स्पॅमचं प्रमाण दिसतं म्हणे. ते का नाही वापरत?

महापेचा_हमाल | ३ जुलै, दुपारी १:२०

चांगलं आहे, फुकट आहे, पण २१२ मेलवाल्याला त्यात रिकामा तक्ता दिसतो. मेल भरपूर असतील तरच आकडे भरतात. डोमेन जोडून ठेवायला हरकत नाही.

कोलशेतकर | २ ऑगस्ट, रात्री ९:४५

धागा वर काढतोय.

जुलैभर मी आणि डीएनएस. सॉफ्टवेअरवाल्यांकडून किल्ली मिळवायला चार फोन लागले, पहिल्या तीन वेळा “सर, तो ऑप्शन नाहीये”, चौथ्या वेळी वेगळी मुलगी होती, तिने अर्ध्या तासात दिली. १४ जुलैला कमिटीच्या दहा जणांना बिलाची प्रत पाठवली, दहाही इनबॉक्सात. तरी श्वास रोखूनच होतो.

काल एक ऑगस्ट. पाच खात्यांपैकी पाचही इनबॉक्स. शो ओरिजिनलमध्ये तिन्हीसमोर पास, आणि डीकेआयएमपुढे डोमेन आमचंच. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, दहावीच्या मार्कशीटचाही काढला नव्हता. लिफ्टमध्ये पुन्हा कागद लावला, ६३ उत्तरं, त्यातली ६१ इनबॉक्स.

विषयही बदलला. आधी ‘तातडीचे!!! थकबाकी त्वरित भरा’ असा होता (माझीच कलाकृती). आता नुसतं महिना, फ्लॅट नंबर आणि बिल क्रमांक.

‘कुठेच नाही’ वाल्या सहा जणांचं कोडंही सुटलं. परत आलेली मेल पूर्वी सॉफ्टवेअरवाल्यांच्या कुठल्यातरी पेटीत जात होती, ती आता आमच्याकडे यायला लागली, आणि पहिल्याच दिवशी नऊ आली. चार पत्त्यांत ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कोन’. तीन लोकांनी सोडलेल्या नोकरीतले ऑफिसचे पत्ते. दोघांचा मेलबॉक्स भरलेला. या नऊच्या नऊ जणांसमोर गेलं वर्षभर हिरवी खूण होती. कमिटीने ठरवलंय की पत्ता चुकीचा होता किंवा बिल स्पॅममध्ये होतं असं दिसेल त्यांचं व्याज माफ. खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि एक प्रत नोटीस बोर्डावर, जुन्यासारखी, फ्लॅट नंबर आणि ‘बिल पाठवलं’ एवढंच, रक्कम नाही.

नौपाड्याची_सून | ३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

अभिनंदन! माझ्याही पावत्या आता पोचतायत. राखीच्या ऑर्डरींत एकही “ताई, येणार ना” फोन नाही. जरा चुकल्यासारखंच वाटतंय.

६३ पैकी ६१ म्हणालात. मग उरलेले दोन?

कोलशेतकर | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

एक ऑफिसचा पत्ता, तिथली चाळणी त्यांची आयटीवाली मंडळी बघतात, त्या सभासदाला दुसरा पत्ता द्यायला सांगितलाय.

दुसरे बी विंगचे काका.

मी डोकं धरून बसलो. तिन्ही पास, शेजारच्या फ्लॅटला इनबॉक्सात, आणि काकांकडे स्पॅममध्ये. काल संध्याकाळी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. शो ओरिजिनल उघडलं, सगळं हिरवं. पट्टीवर मात्र कारण वेगळं होतं: या पत्त्यावरून आलेले संदेश तुम्ही स्वतः स्पॅम म्हणून नोंदवले आहेत. मी विचारलं, काका, १४ जुलैला कमिटीच्या दहा जणांत तुम्हाला प्रत पाठवली होती ती इनबॉक्सात होती ना? (हो, ते कमिटीत आहेत.) म्हणाले, होती की. मग त्याचं काय केलंत?

काकूच आतून म्हणाल्या, “काय करणार? पार्किंगचं प्रकरण झालं तेव्हापासून सोसायटीचं मेल दिसलं की ते स्पॅमचं बटण दाबतात. डिलीट केल्याने समाधान होत नाही त्यांचं.”

महापेचा_हमाल | ३ ऑगस्ट, रात्री ९:५१

यावर माझ्याकडे डीएनएसची ओळ नाही. पार्किंग द्या त्यांना.